हवेचा पंप आणि मागची सीट

त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव थट्टेत पडले होते, पण इतकी वर्षे वापरून त्यातली थट्टा झिजून गेली होती आणि मागे निव्वळ आदर उरला होता. सायलेन्सरच्या शेडमध्ये एखादी गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच तो हातातले काम न सोडता सांगे, "मधल्या जोडाला फट आहे," किंवा "पुढचं गॅस्केट गेलंय, मागे शोधत बसू नका." गाडी उचलून पाहावी तर दोष नेमका तिथेच. नव्या गिऱ्हाइकांना हा हातचलाखीचा प्रकार वाटे. जुनी गिऱ्हाइके आत आल्यावर इंजिन बंदच करत नसत. कानसेन आधी ऐकणार, मग बघणार, हे त्यांना ठाऊक असे.

शेड म्हणजे पत्र्याच्या छताखालची एक लांबट जागा. एका कडेला नळ्या वाकवण्याचे यंत्र, मध्ये गाड्या उचलण्याचे जॅक, आणि मागच्या भिंतीवर जाड तारांचे वेडेवाकडे आकार टांगलेले. गाडीखाली आडवे व्हायचे, तार हाताने वाकवत न्यायची, ॲक्सल चुकवायचा, पेट्रोलची टाकी चुकवायची आणि मग त्या तारेबरहुकूम नळी वाकवायची, अशी तिथली रीत होती. भिंतीवरची प्रत्येक तार म्हणजे कुठल्या ना कुठल्या गाडीच्या पोटाचा नकाशा. कानसेनच्या तारा ओळखू येत. त्यांत दुसऱ्यांदा वाकवल्याची खूण नसे.

शेड बाईंच्या मालकीची. आपल्या काकांच्या पश्चात त्यांनी ती चालवायला घेतली तेव्हा लोकांना वाटले, चार महिन्यांत कुलूप लागेल. बाई काचेच्या खोलीत कमी आणि तिच्या दारात जास्त असत. त्यांनी पहिल्या दिवसापासून एक नियम घातला होता. काम कोणीही केलेले असो, गाडी बाहेर पडण्यापूर्वी कानसेनने तिच्या मागे उभे राहायचे. त्याने "जाऊ द्या" म्हटल्याशिवाय किल्ली मालकाच्या हाती द्यायची नाही. या दोन शब्दांवर शेडची पत उभी होती, आणि खरे सांगायचे तर कानसेनही त्यांच्यावरच उभा होता.

या माणसाला वास येत नव्हता.

काही हिवाळ्यांपूर्वी त्याला मोठा ताप आला होता. ताप उतरला, अंगात बळ आले, पण नाक परतले नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीही येणार. बायकोने एकदा काळजीने विचारले तेव्हा तो "आलं की" म्हणाला. तिने पुन्हा विचारले नाही. जे खोटे एकदा कोणाला धीर देण्यासाठी बोलले जाते, ते मागे घेणे स्वार्थापोटी बोललेल्या खोट्याहून अवघड असते. कारण मागे घेताना आपण आधी दिलेला धीरही काढून घेत असतो. पुढे त्याला त्याची सवय झाली. घरी गॅसची कळ नीट बंद झाली की नाही हे तो कान लावून तपासे. दूध करपले तर बायकोने नाकाला पदर लावलेला पाहून तोही तोंड वाकडे करी. शेडमध्ये गाडीमागे उभा राहिला की आधीसारखाच किंचित वाकून श्वास घेई. बघणाऱ्याला वाटे, तो हुंगतो आहे. तो ऐकत असे.

धुराच्या धंद्यातल्या माणसाला नाक लागते, हे त्याला कोणी सांगायला नको होते. अर्थात धुरात जे माणसाला मारते त्याला वास नसतोच. पण ते बहुधा एकटे येत नाही. त्याच्या सोबत अर्धवट जळलेले पेट्रोल येते, डोळ्यांत चुरचुरते, घशाशी येते. वास ही त्या चोराच्या सोबत्यांची चाहूल असते. ती ज्याला लागत नाही त्याने गाडीमागे उभे राहून निकाल देणे म्हणजे काय, हे कानसेन स्वतःला विचारत नसे. आवाज गोल आणि भरीव आहे ना? मग आतले सगळे नीट जळत असणारच. असे तो मानत असे, आणि बाईंना हे कळले तर "जाऊ द्या" आपल्या तोंडून जाईल या भीतीने जरा जास्तच ठामपणे मानत असे.

शेडमध्ये तेव्हा जुन्या गाड्यांची चलती होती. लोक वडिलांच्या, आजोबांच्या गाड्या आच्छादनाखालून बाहेर काढत आणि त्यांना नवा आवाज हवा असे. इंजिनाच्या कुशीला बसवलेला बिडाचा जाड ओतीव तुकडा काढून टाकायचा आणि त्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब नळी देणारा हेडर बसवायचा, हे मुख्य काम. इंजिन मोकळा श्वास घेते, आवाज सुधारतो, चढावर गाडी दमत नाही. अडचण एकच होती. यांतल्या पुष्कळ गाड्यांना कारखान्यातूनच एक छोटा पंप लावलेला असे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंप बाहेरची ताजी हवा ओढून थेट धुराच्या तोंडाशी फुंकी, म्हणजे न जळलेले पेट्रोल नळीतल्या नळीत जळून जाई. त्या हवेच्या बारीक नळ्या बिडाच्या तुकड्यात शिरत. तयार हेडरला त्यासाठी भोकेच नसत. म्हणून हेडर बसला की पंप निघे, आणि मालकाने मागितला नाही तर मागच्या फळीवर जाई. त्या फळीला सगळे वृद्धाश्रम म्हणत.

कार्ब्युरेटर लावणारा मिस्त्री, ज्याला सगळे जेट म्हणत, या बाबतीत अगदी निःशंक होता.

"अरे, पंप म्हणजे इंजिनाच्या गळ्यात बांधलेलं लोढणं," तो म्हणे. "इंजिनाला ताकद देतो का? नाही. पेट्रोल वाचवतो का? नाही. उलट खातो. सरकारनं लावायला सांगितलं म्हणून लावला. आता सरकारच म्हणतंय, इतक्या जुन्या गाड्यांना तपासणी माफ. मग? नवरीनं माप ओलांडलं, तरी दारात करवली उभी कशाला?"

"करवलीला जेवायचं असतं," बाई एकदा दारातून म्हणाल्या. "विचारते आहे, सुरुवातीला तरी कोणाला हवा होता तो?"

"तपासणीवाल्यांना!"

सगळे हसले. कानसेनही हसला. बाईंचा प्रश्न तिथेच राहिला.

कानसेनचे वडील, अण्णा, आयुष्यभर एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवत आले होते. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी ती गाडी जुनी झाली म्हणून त्यांनाच दिली. तेव्हापासून अण्णांनी तिचे चाक हाती धरले नाही. "जन्मभर पुढे बसलो," ते म्हणाले, "आता मागे बसून बघतो, साहेबाला काय दिसायचं ते." दर रविवारी सकाळी कानसेन गाडी काढी, अण्णा स्वच्छ शर्ट घालून मागच्या सीटवर उजवीकडे बसत, काच अर्धी खाली करत, आणि दोघे नदीकडच्या रस्त्याने लांबवर जाऊन येत. बोलणे फारसे नसे. घरातल्या घरात काठी टेकत फिरणारा हा माणूस आठवड्यातून एकदा शहराच्या बाहेर पडे तो असा.

वडिलांसाठी काही करावे, असे मुलाच्या मनात आले तर तो आपल्याला जे येते तेच करतो. कानसेनने त्या गाडीला हेडर बसवला. इतर गाड्यांना तयार हेडर येई. हा त्याने स्वतः नळी नळी वाकवून केला. आवाज असा लागला की जेट क्षणभर पाना हातात धरून उभाच राहिला. पंप फळीवर गेला. जेटने पेट्रोलचा स्क्रू जरा सैल सोडला, म्हणजे गाडी चढावर आणखी खूश. अण्णांनी पहिल्या फेरीत ऐकले आणि म्हणाले, "वा. साहेबांना ऐकवायला हवी होती."

दुसऱ्या रविवारीही ते आले. पुढच्या रविवारी त्यांचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्या रविवारी रात्रीची झोप झाली नव्हती. मग पुन्हा गुडघे.

"गाडीत बसायला गुडघे कशाला लागतात, अण्णा?"

"चढताना-उतरताना लागतात रे. तू जाऊन ये. फिरव तिला, नाहीतर बॅटरी बसायची."

त्या "गुडघे" शब्दात काहीतरी सैल होते. नटबोल्ट नीट आवळलेला नसला की जसा अगदी बारीक आवाज येतो, तसे. जगातल्या कुठल्याही गाडीत कानसेनने तो पकडला असता. वडिलांच्या बोलण्यात पकडला आणि सोडून दिला. वय झाले, त्याने स्वतःला सांगितले.

मग ताई आली. कानसेनची ही मोठी बहीण दुसऱ्या गावी असे. वर्षातून दोनदा येई, आणि येई तेव्हा घरातल्या प्रत्येक गोष्टीची झडती घेई. अण्णा रविवारचे फिरायला जात नाहीत हे कळताच ती म्हणाली, "गुडघे बिडघे काही नाही. मी धरते तुम्हाला. चला." तिच्यापुढे अण्णांचे कधी चालले नव्हते. ती त्यांच्या शेजारी मागे बसली. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली, इंजिन मंद, खोल, डौलदार आवाजात घुमत राहिले, आणि ताईने ओढणी नाकाला लावली.

"अरे, ही गाडी आहे की रॉकेलचा स्टोव्ह? शी! तुला वास येत नाही?"

प्रश्न सगळ्या जगातल्या मोठ्या बहिणी विचारतात तसाच होता. त्याचे उत्तर तिला नको होते. पण कानसेनच्या हातातले चाक गार पडले.

"येतो की," तो म्हणाला. "थोडा येणारच."

"थोडा? डोकं उठलं माझं! अण्णा, तुम्ही कसे बसता हो यात?"

"असू दे गं," अण्णा मागून म्हणाले. "त्याला कळतं त्यातलं. हल्ली यांच्या धंद्यात असाच ठेवतात."

कानसेनने आरशात पाहिले. वडील अर्ध्या उघड्या काचेकडे तोंड करून बसले होते, आणि त्यांचा चेहरा पांढरट दिसत होता. काच उघडी असली की बाहेरची हवा आत येते, असे त्यांना वाटत असावे. चालत्या गाडीच्या पाठीशी हवेची पोकळी होते आणि धूर त्या पोकळीतून वळून उघड्या काचेने आत शिरतो, हे धंद्यातल्या माणसाला ठाऊक असते. कानसेनला ठाऊक होते. त्याने गाडी वळवून घरी आणली.

संध्याकाळी ताई शेजारी गप्पा मारायला गेली तेव्हा तो अण्णांच्या खोलीत गेला. अण्णा खाटेवर बसून चष्मा पुसत होते.

"अण्णा, पहिल्या दिवसापासून वास येत होता?"

"येत होता."

"आणि त्रास?"

"डोकं धरायचं जरा. दुपारी झोपलो की बरं वाटायचं."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णांना प्रश्नच कळला नसावा असे त्यांनी वर पाहिले. "अरे, तू या कामातला माणूस. एवढ्या लोकांच्या गाड्या तुझ्या शब्दावर बाहेर पडतात. मला जो वास येतो तो तुला माझ्याआधी येत असणार ना? तरी तू तसाच ठेवलास, म्हणजे तो तसाच असायला हवा असेल. मी कोण शहाणपणा करणार! आणि..." ते थांबले. "किती हौसेनं केलं होतंस. मला नाही सोसत, हा माझा दोष. वयाचा."

कानसेन खाटेच्या कडेवर बसला. एखाद्याच्या जाणतेपणावर विश्वास ठेवणे म्हणजे आपल्या इंद्रियांना गप्प बसवणे, असा व्यवहार जगात सर्वत्र चालतो आणि बहुतेक वेळा तो सुखाचाही असतो. रोगी वैद्यासमोर, प्रवासी चालकासमोर हेच करतो. मात्र या व्यवहारात एक अट गृहीत असते: समोरच्याने आपल्याला जे कळत नाही ते कळत नाही म्हणून सांगायचे. अण्णांनी आपला करार पाळला होता, डोके धरून पाळला होता. तो मोडला होता मुलाने.

"मला वास येत नाही, अण्णा," तो म्हणाला. "त्या तापापासून. अजिबात नाही."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू मुलाचे नाक नीट बघायचे होते. "अजिबात?"

"अजिबात."

"सुनेला ठाऊक आहे?"

"नाही."

"वेडा आहेस," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला तो तसाच राहू दिला.

खरे तर एवढ्यावर भागण्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन रस्त्यापलीकडच्या तपासणी केंद्रात गेला आणि धुराच्या नळीत यंत्राची कांडी घालून आकडा बघितला. तिथला माणूस म्हणाला, "माफी आहे म्हणून वाचलात, नाहीतर ही रस्त्यावरून नाही, क्रेनवरून घरी गेली असती." म्हणजे नाकाचे काम यंत्राने होण्यासारखे होते. पंप परत चढवायचा, स्क्रू आवळायचा, यंत्राला विचारायचे. अण्णा कोणाला सांगणारे नव्हते. शेडमध्ये काही कळले नसते. परतताना कानसेन मनात हेच जुळवत होता, आणि जुळतही होते.

नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. पुढून कुठूनतरी एक आवाज आला, आणि त्याने मान न वळवता ओळखला. हेडर आपला. दुसऱ्या नळीला वळण जरा तंग द्यावे लागले होते, म्हणून तो बारीक कंप. मागे लांब बैठक असलेली जुनी गाडी. मालकीण संगीताची शिक्षिका. फार खूश होऊन गेली होती. "आता हिच्यासोबत गाता येईल," म्हणाली होती. पंप फळीवर. मागे उभा कोण राहिला होता? रांग पुढे सरकली तेव्हा ती गाडी दिसली. मागच्या बैठकीवर दोन मुली बसून पत्ते खेळत होत्या, काचा उघड्या. आणि गाडीच्या मागोमाग सायकल धरून उभी असलेली एक बाई बाहीत तोंड घालून खोकत होती. सिग्नल सुटला. आवाज उमलत गेला. फार सुंदर आवाज होता तो. कानसेनला आयुष्यात प्रथमच तो ऐकू नयेसा वाटला.

शेडच्या बाईंनी विचारलेल्या 'कोणाला हवा होता' या प्रश्नाचे उत्तर त्या रांगेत उभे होते. तो पंप इंजिनाला कधीच नको होता. गाडी चालवणाऱ्यालाही नको होता; त्याला धूर मागे टाकून पुढे जायचे असते. तो हवा होता मागे बसलेल्यांना, मागे उभ्या असलेल्यांना, ज्यांना कोणी विचारत नाही अशांना. तपासणीची माफी गाडीच्या वयाला मिळाली होती. श्वास घेणाऱ्यांचे वय त्यात कुठे धरले नव्हते.

त्याने गाडी शेडमध्ये लावली आणि सरळ काचेच्या खोलीत गेला. दार उघडेच होते आणि जेट आत जेटांची, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक तोट्यांची, डबी शोधत उभा होता. कानसेनने त्याला बाहेर जायला सांगितले नाही.

"बाई, मला वास येत नाही. त्या मोठ्या तापापासून. मी सांगितलं नाही."

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. जेट हसायला लागला होता, तो अर्ध्यात थांबला.

"आणि तुम्ही गाड्यांच्या मागे उभे राहत होतात," बाई म्हणाल्या.

"हो."

"वाकून."

"हो."

"नाटक करत होतात."

बाईंचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरे झाले असते. "कानसेन, तुमच्या नाकाचा दोष नाही. माणसाचं काहीही जाऊ शकतं. तुम्ही म्हणाला असतात, तर मागे दुसरं कोणी उभं राहिलं असतं, तुम्ही शेजारी उभं राहून ऐकलं असतंत. एवढंच करायचं होतं. तुमच्या 'जाऊ द्या'चा दोष आहे. तो शब्द तुमचा नव्हता, शेडचा होता."

"मला वाटायचं, तू आहेस ना मागे," जेट एकदम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी पुढे असतो, पंख्याच्या वाऱ्यात. मला काय कळणार? मी सोडायचो पेट्रोल सढळ हातानं. म्हटलं, जास्त झालं तर हा बोलेल."

"म्हणजे तुम्ही त्यांच्या भरवशावर, ते स्वतःच्या कानाच्या भरवशावर, आणि मी दोघांच्या," बाई म्हणाल्या. "छान चाललं होतं आपलं. किती गाड्या असतील?"

"आकडा नाही सांगता येणार. पण आवाज आठवतात. सगळे."

बाईंनी पेन पुन्हा उचलले आणि समोर कागद ओढला. त्यांना राग आवरायचा होता की दुसरे काही, कोण जाणे. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही मागे उभे राहणार नाही. नळ्या वाकवा, हेडर करा. निकाल जेट देतील, आणि समोरच्या केंद्रातून धूर तपासायचं यंत्र मागवते, त्याचा आकडा बघून देतील. ज्या गाड्या पंप काढून गेल्या, त्या सगळ्यांना परत बोलवायचं. तुम्ही आठवायच्या, मी फोन करायचे. काय सांगायचं लोकांना, ते मी बघते."

"खरं तेच सांगा."

"मग दुसरं काय सांगणार होते?" बाई तुटकपणे म्हणाल्या.

कानसेन बाहेर आला. नोकरी राहिली होती, आणि ज्याच्यासाठी ती करत होता ते गेले होते. दुसऱ्या दिवशी एका गाडीमागे जेट उभा राहिला. त्याने धुराच्या यंत्राचा आकडा पाहिला, घसा खाकरला आणि तो अवघडून म्हणाला, "जाऊ द्या." कानसेन तेव्हा पलीकडे नळी वाकवत होता. त्या आठवड्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याची एक नळी दोनदा वाकवावी लागली.

पण कामात माणसाला फार वेळ दुःखी राहता येत नाही, निदान हाताच्या कामात. हेडरला हवेच्या नळ्यांसाठी भोके नसतात, हे सगळे गृहीत धरून बसले होते. भोके पाडता येत नाहीत, असे मात्र कोणी म्हटले नव्हते. कंटाळा, एवढेच त्याचे कारण होते. कानसेनने अण्णांच्या गाडीचा हेडर उतरवला, प्रत्येक नळीला तोंडाशी भोक पाडून छोटी मान वेल्ड केली आणि वृद्धाश्रमातून पंप खाली घेतला. तो धुऊन, बेअरिंगला तेल देऊन फिरवला तेव्हा तो बारीक शिटी वाजवू लागला. त्या सुरेल गाडीत ती शिटी कानाला खुपत होती. त्याने खुपू दिली.

शेडची सुट्टी होती, तरी जेट आला. कानसेनची बायको अण्णांना घेऊन आली. तिला आता सगळे सांगून झाले होते, आणि ती त्याच्याशी अजून मोजकेच बोलत होती. यंत्राचा आकडा मर्यादेच्या आत आला. जेटने हात पुसले. "झालं."

"अण्णांना विचारू या," कानसेन म्हणाला.

अण्णा काठी टेकत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. इंजिन चालू होते. त्यांनी श्वास घेतला. "बरं आहे की आता," ते म्हणाले. "छान झालं."

कानसेनने इंजिनावरून मान वर केली. त्याला वास येत नव्हता, पण तो सैल नटबोल्टाचा आवाज या वेळी त्याने सोडून दिला नाही.

"अण्णा, माझ्या हौशीसाठी नको. येतो का वास?"

अण्णांनी सुनेकडे पाहिले, जेटकडे पाहिले. ज्याच्या शब्दावर आजवर मान डोलावली अशा मुलाला नाही म्हणायचे होते, तेही त्याच्या कामाच्या जागी, त्याच्या माणसांसमोर. "थोडा येतो," ते म्हणाले.

"ऐकलंस? आवळ," कानसेन जेटला म्हणाला.

जेटने स्क्रू किंचित फिरवला. इंजिन जरा अडखळले आणि सावरले. "आता?"

"येतोय."

पुन्हा स्क्रू. "आता, अण्णा?"

"अजून आहे." अण्णांचा आवाज सरळ झाला होता. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि ते धुराच्या नळीच्या दुसऱ्या बाजूला गेले. "घाई कशाची आहे तुम्हाला? बंद करा, गार होऊ दे. मग पुन्हा चालू करा. थंड गाडी काय करते ते बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

जेटने कपाळाला हात लावला. "यांना कामाला ठेवलं तर बाईंचं दुकान बंद पडेल," तो पुटपुटला.

कानसेनने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. सुनेने सासऱ्यांसाठी खुर्ची ओढून आणली, बरोबर गाडीच्या मागे ठेवली, आणि सगळे इंजिन गार व्हायची वाट पाहत बसले.